जोडलेल्या संघाची शेवटची बैठक
आखाड्यातल्या तेल-ताक घातलेल्या लाल मातीचा वास आला की मला आमच्या फुटबॉल संघाची ती बैठक आठवते. आमची पेठ आणि शेजारची पेठ कायम एकमेकींविरुद्ध खेळणाऱ्या. दोन्हीकडची पोरं घेऊन एक संघ केला तर कोल्हापुरात कुणी समोर टिकणार नाही, असं वाटलं होतं, पण अख्ख्या हंगामात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. का हरलो ते बघायला सगळे तालमीत जमलो. आखाड्याच्या एका बाजूला आम्ही बसलो, दुसऱ्या बाजूला ते. कुणी पंचांना दोष दिला, कुणी मैदानाला. मग आमच्या पेठेतल्या स्ट्रायकरचे वडील उठले. शेवटच्या सामन्यात त्याचा पाय मोडला होता. "पोरगं दवाखान्यात पडून हाय," ते पलीकडं बघून ओरडले, "तुमच्यातलं एक तरी आलतं का बघायला?" पलीकडच्या पेठेचा गोलकीपर खालमानेनं बोलला, "सगळीच आलतो की काका. तुमच्या पोरांनी दारातनंच परत धाडलं." मी तेव्हा दवाखान्यात वरच्या मजल्यावर स्ट्रायकरच्या उशाशी होतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण माझ्या शेजारच्या दोघांच्या माना खाली गेल्या. "झालं. आता शोधायचं काय ऱ्हायलं न्हाय," म्हणत आम्हाला शिकवणारे सर उठले आणि संघ तिथंच मोडला. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मी स्ट्रायकरला सांगितलं, "ते आलते रे." तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. पुन्हा तो कधी खेळला नाही. आता सामन्याला आम्ही दोघं आमच्या पेठेच्या गॅलरीत शेजारी बसतो, आणि पलीकडच्या त्या गोलकीपरनं बॉल अडवला की आमच्या गर्दीत टाळी तो एकटाच वाजवतो.