लाल लुगड्याची खूण

भाट्ये गावातल्या नारळीच्या बागांत महिपतसारखा सरसर माड चढणारा दुसरा नव्हता. तीस वर्षं त्याच्या कमरेच्या आकडीत कोयता लटकत होता. चौऱ्याऐंशी सालच्या माघात मात्र त्याला ताप आला, कानात काही बिघडलं, आणि मान वळवली की जमीन फिरू लागली. तो भिंत धरून चालताना बघून आप्पा वाणी म्हणाला, "काय रे, सकाळीच घेतलीस?" कधी थेंबाला न शिवलेल्या महिपतला ते फार लागलं.

पुढे डॉक्टरांनी कान बरा झाल्याचं सांगितलं, चढायलाही हरकत नाही म्हणाले. पण अर्ध्या माडावर गेलं की महिपतचे हात गळायचे. तो खाली यायचा आणि दिवसभर पडवीत पडून राहायचा. त्याच्या बायकोला, राहीला, मनातून बरंच वाटलं. नवरा माडावर असताना लग्नाच्या वीस वर्षांत तिला घास गोड लागला नव्हता. तिने कोयता तांदळाच्या कणगीत लपवून टाकला.

चैत्रात आपल्या देशाचा माणूस अंतराळात जाऊन आला. शेजारच्या दमयंतीबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी पडवीत बसून पेपर वाचून दाखवला.

"तिथे वजनच नसतं. वर कुठे, खाली कुठे, ते कानाला कळत नाही. डोळ्यांनीच ठरवावं लागतं. परत आल्यावर काहींना सरळ चालताही येत नाही म्हणे, भिंत धरतात."

महिपत उठून बसला. "भिंत धरतात? आणि त्यांना पिलेला कोण म्हणत नाय?"

"त्यांना हार घालतात."

महिपत खो-खो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. राहीने ते हसू पाहिलं आणि आत जाऊन कणगीत हात घातला.

सकाळी तिने आपलं लाल लुगडं माडाच्या बुंध्याशी दोरीवर पसरलं. "लाल दिसेल तिथे खाली. डोकं गरगरलं तर ह्याच्याकडे बघा."

महिपत हळूहळू चढला. अर्ध्यावर थांबला, लुगड्याकडे बघितलं, पुन्हा चढला. एवढ्यात समुद्राचा वारा सुटला.

"अगो, तुझं ‘खाली’ फडफडतंय!"

राहीने धावत जाऊन लुगड्याची दोन्ही टोकं घट्ट धरली. जरा वेळाने वरून आवाज आला, "राही, भात करपल्याचा वास येतोय!"

"करपू दे. मी हलले तर तुम्ही उतराल कुठे?"

वरून हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग पहिला नारळ धप्पकन वाळूत पडला.