अबू नासिरच्या गालाचं माप

लेथ मशीनखाली लोखंडाचा कचरा कसा साठतो, बघितलाय कधी? संध्याकाळी झाडून काढावा, तर दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊल बुडेल एवढा ढीग परत तयार! आमच्या वर्कशॉपातल्या किश्श्यांचं तसंच आहे. शुक्रवारी सुट्टीला मित्रांत बसून सगळे सांगून संपवतो, आणि शनिवारी कामावर गेलं की नवीन घडायला सुरुवात.

वर्कशॉप कसलं ते आधी सांगतो, नाहीतर तुमचा भलताच समज व्हायचा. इथं कतारमध्ये, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढं, शेतं संपतात तिथं एक नेमबाजीचा क्लब आहे. लायसनवाला, गेटवर पहारा असलेला. मेंबर लोक हिवाळ्यात वाळूत पालथे पडतात आणि नऊशे मीटरवरच्या पुठ्ठ्याला भोकं पाडतात. त्यांच्या स्पर्धेच्या रायफली आम्ही दोघं सांभाळतो. एक मी, कोल्हापूरचा, शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेला. दुसरे दाऊदचाचा, चिपळूणचे, इथं एकोणीस वर्षं मुरलेले. आमचे मालक अबू नासिर, स्वतः नेमबाज, पोट मोठं आणि हसणं त्याहून मोठं. आणि मॅनेजर करीम, लेबनानचा, ज्याला आजवर कुणी हसताना बघितलं नाही.

एवढीच मंडळी. पण उच्छाद बघा!

* * *

आईनं गल्लीत सांगून ठेवलंय, पोरगा कतारला 'स्पोर्ट्स लाइनमध्ये' आहे. मला वाटलं, ठीक आहे, खोटं तर नाही. पण लग्नाचं बघायला लागल्यावर पंचाईत झाली.

मिरजेचं स्थळ आलं. व्हिडिओ कॉल ठरला. मी इस्त्रीचा शर्ट घालून वर्कशॉपातच बसलो, कारण वायफाय तिथंच चांगलं. शेजारी वडीलधारे म्हणून दाऊदचाचा. मुलीच्या वडिलांनी चौकशी केली, "ते स्पोर्ट्स वगैरे कळलं. पण नक्की काम काय करता?"

मी म्हणालो, "रायफलीला बॅरल बसवतो."

मुलीचे वडील ताडकन उठले, आणि उठले तेव्हा दिसलं, वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली चौकड्यांची लुंगी! चाचा माझ्या कानात म्हणाले, "माणूस चांगला वाटतो." मी म्हटलं, गेलं स्थळ!

तेवढ्यात मुलगीच स्क्रीनसमोर आली. ऋतुजा तिचं नाव. मला सरळ विचारलं, "किती मीटरवरची?"

"नऊशे."

"बाबा, बसा खाली," ती म्हणाली.

जमलं! सासऱ्यांची एकच अट, नोकरी पक्की पाहिजे. फेब्रुवारीतली तारीख धरली.

* * *

दाऊदचाचांनी आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही. शपथ! एकोणीस वर्षं रायफली उघडतात, जोडतात, घासतात, पण चाप ओढायचं काम मेंबरचं. एकदा शहरातल्या वेस्ट बे भागातला एक बँकवाला मेंबर तुच्छतेनं म्हणाला, "तुम्ही कधी चालवली नाही, मग तुम्हाला काय कळणार?"

चाचांचे वडील चिपळूणला शिंपी होते. चाचांनी त्याच्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, माझ्या बापसानं चाळीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले. एक पण घालून बघितला नाय."

मी हिंदीत भाषांतर केलं. बँकवाला त्यानंतर चाचांना लांबूनच सलाम करतो.

* * *

आता मुख्य भानगड. सप्टेंबरात करीम एक जाडजूड कॅटलॉग घेऊन अबू नासिरसमोर बसला. युरोपातनं तयार रायफल मागवायची, बिघडली तर तिकडंच पाठवायची, हे वर्कशॉप कशाला पोसायचं? लेथ विकून टाकू, जागेत मेंबरांसाठी कॅफे काढू. मी चहा घेऊन गेलो होतो, तो हातातच गार झाला.

अबू नासिरनी चाचांना बोलावलं. "दाऊद, तू आजवर लोकांच्या रायफली दुरुस्त केल्यास. एक अख्खी बनवशील? बॅरल आणि दुर्बीण बाहेरची, बाकी सगळी जुळणी तुझी. डिसेंबरच्या मॅचला मी तीच वापरणार. पहिल्या तिघांत आलो तर वर्कशॉप राहील. नाही आलो तर खलास, दोघंही घरी."

चाचा खुशाल म्हणाले, "इन्शाल्ला!"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चाचा, अहो माझं लग्न आहे!"

"मग नीट काम कर," चाचा म्हणाले.

* * *

रायफलीची नळी, ती बॅरल, लेथवर चढवायची म्हणजे काय सोपं काम नाही. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जरी वाकडी बसली तरी नऊशे मीटरवर गोळी शेजाऱ्याच्या पुठ्ठ्यात. लेथ जरासुद्धा थरथरता कामा नये. त्यासाठी चाचांची स्वतःची पद्धत आहे. लेथवर काठोकाठ भरलेला काळा चहा ठेवायचा आणि बघत बसायचं. चहावर तरंग उठला, की काम बंद.

त्या दिवशी तरंग काही थांबेना. आम्ही पट्टा बघितला, पाया बघितला, शेवटी कळलं, एसीच्या कॉम्प्रेसरमुळं होतंय. चाचा म्हणाले, "बंद कर."

सप्टेंबर महिना! कतार! अर्ध्या तासात शर्ट गेले, मग पँटी. चाचांनी कपाटातनं दोन लुंग्या काढल्या. बनियन आणि लुंगीवर आम्ही दोघं, घामानं निथळत, चहाच्या कपावर वाकून, श्वास रोखून बसलेलो. आणि दार उघडून अबू नासिर आत! मागं चार पाहुणे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबांत.

अबू नासिरनी एकवार आमच्याकडं बघितलं, एकवार कपाकडं, आणि पाहुण्यांना म्हणाले, "हा आमचा हाय-टेक विभाग."

* * *

या लुंग्यांचं पण एक प्रकरण आहे. बॅरल आतनं पुसायला मऊ कापडाचे तुकडे लागतात. परदेशी पाकिटं संपली की करीमची परवानगी यायला महिना. म्हणून चाचा जुन्या लुंग्यांचे तुकडे वापरतात. चाची चिपळूणहून विरलेल्या लुंग्या धुऊन, लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळून पाठवते. शंभर वेळा धुतलेलं कापड, लोण्यासारखं मऊ.

करीमनं एकदा इन्स्पेक्शनला या कापडांचा डबा उघडला आणि वास घेतला. रिपोर्टात लिहिलं, 'क्लीनिंग मटेरियलला आंब्याचा वास येतो.'

चाचांनी तो कागद फ्रेम करून लेथवर लावलाय.

* * *

मग आला दस्ता. म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, जो खांद्याला लागतो आणि ज्यावर गाल टेकतो. युरोपातल्या दस्त्यांना गालाजवळ स्क्रू असतो, पाहिजे तेवढा वरखाली करा. चाचांना त्या स्क्रूचा राग. "हलतो तो मेला! माणसाचा गाल काय रोज बदलतो?" लाकडातच गाल कोरायचा ठरला. मी म्हटलं, "चाचा, राहू दे की स्क्रू." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी गुपचूप पॉलिश पेपर आणायला गेलो.

अबू नासिर मापाला आले. चाचा टेप गळ्यात टाकून तयार! वडिलांचा नियम त्यांनी मला मोठ्या ऐटीत सांगितला, "गिऱ्हाईक रोज जे घालून येतो, त्याच्यावरनंच माप घ्यायचा. उघड्या अंगाचा माप कधी जमत नाय." अबू नासिर अंगात थोब, डोक्यावर घुत्र्याचा मोठा रुमाल, अशा सगळ्या थाटात पालथे पडले. चाचांनी खांदा मोजला, हात मोजला, गाल मोजला. दर शनिवारी बोलावून, घासून, परत गाल टेकवून बघितला. असं सात वेळा. आठव्या वेळी अबू नासिर गाल टेकवून पडले आणि उठेनातच. बघितलं तर झोपलेले!

चाचा हळूच म्हणाले, "फिटिंग बरोबर झयला."

* * *

चाचणीचा दिवस. अबू नासिरनी दहा गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतनं दिसत होतं, भोकं सगळी मधोमध, एकमेकांना खेटून. नेमबाज याला ग्रुप म्हणतात. मी तर नाचायलाच लागलो. आधी जेवू आणि मग पुठ्ठा आणू, असं ठरलं. हीच चूक झाली.

जेवून नऊशे मीटर गाडीनं गेलो. पुठ्ठ्याच्या चारही कडा जागेवर आणि मधला भाग गायब! शेजारच्या शेतातला उंट तार वाकवून आत आला होता आणि शांतपणे चघळत उभा होता. आमचा अख्खा पुरावा त्याच्या तोंडात!

करीम म्हणाला, "मी मोजलेलं नाही. रिपोर्टात शून्य लिहावं लागेल."

अबू नासिर उंटाच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, "लिही, ग्रुप इतका चांगला होता, की खाऊन टाकावासा वाटला."

* * *

डिसेंबर. मॅचचा दिवस. सकाळपासनं वारं असं सुटलेलं, की झेंडे फाटायला आले. मी रात्रभर झोपलो नव्हतो. ऋतुजाचा मेसेज आला, 'बाबा विचारतायत, हॉल बुक करू का?' मी लिहिलं, 'दुपारी सांगतो.'

अबू नासिर पालथे पडले, रायफल खांद्याला लावली. वाऱ्यानं घुत्र्याचं टोक फाडकन डोळ्यावर आलं. त्यांनी ते मागं टाकलं, परत आलं. तिसऱ्यांदा आल्यावर त्यांनी घुत्राच काढला, टोपी घातली आणि दुर्बिणीत बघितलं.

"दाऊद! अर्धं काळं दिसतंय!"

चाचांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. कारण आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. आठ शनिवार जो गाल आम्ही मोजला, तो घुत्र्यासकट मोजला होता! गालाखाली दर वेळी कापडाची घडी होती, चाचणीलासुद्धा. आता घडी गेली, गाल खाली उतरला, आणि डोळा दुर्बिणीच्या खाली.

तयारीची चार मिनिटं उरलेली. मागं उभा असलेला करीम म्हणाला, "कॅटलॉगमधल्या रायफलीला स्क्रू असतो."

चाचांनी आधी घुत्र्याचीच घडी घालून दस्त्यावर ठेवली. कडक स्टार्च केलेला, सटकून वाळूत. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले. मला म्हणाले, "माझी चूक. तुझा लग्न मोडला मी." आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी लग्नाचं काही वाटलं नाही, त्या हातांकडं बघवेना. ते हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते.

मी पुसायच्या कापडांचा डबा उघडला. न कापलेला एक मोठा तुकडा होता, निळ्या चौकड्यांचा. दोन पदरी घडी घातली, कमी पडली. चार पदरी, जास्त झाली.

"तीन!" चाचा ओरडले.

तीन पदरी घडी, वरनं काळी टेप गच्च. अबू नासिरनी गाल टेकवला.

"दिसतंय?"

"सगळं गोल! यल्ला, बाजूला व्हा!"

वीस गोळ्या झाल्या. चाचा एकदाही तिकडं बघत नव्हते, पाठ करून, डोळे मिटून उभे. बोर्डावर नावं लागली. पहिला अल खोरचा एक मेंबर, युरोपातल्या रायफलीवाला. दुसरे अबू नासिर!

अबू नासिरनी चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. चाचा लहान पोरासारखे रडले, मीही रडलो. करीमनं कॅटलॉग मिटून काखेत मारला. मी मेसेज केला, 'हॉल बुक करा!'

* * *

पुढच्या रविवारी चाचा म्हणाले, आता लाकडाचा तुकडा चिकटवून गाल नीट करतो, ती चिंधी काढून टाकतो. अबू नासिर ओरडले, "हात लावून तर बघ!"

तेवढ्यात अल खोरचा तो पहिल्या नंबरवाला आला. आपली युरोपातली रायफल टेबलावर ठेवली, तिचा तो स्क्रूवाला गाल दाखवला, मग अबू नासिरच्या रायफलीवरच्या निळ्या चौकड्यांवर बोट ठेवलं. "मला हे पाहिजे. हे कुठलं मटेरियल?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात करीम पुढं झाला. चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाला, "चिपळूण. स्पेशल इम्पोर्ट. वेटिंग लिस्ट आहे." आणि वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

आठवड्यात लिस्टवर अकरा मेंबर! चाचांनी घाईघाईनं चाचीला फोन लावला. चाची म्हणाली, सगळ्या जुन्या लुंग्यांची परवाच पायपुसणी केली.

चाचांनी फोन ठेवला. वर्कशॉपात येरझाऱ्या घातल्या. मग माझ्यासमोर थांबून मला खालपासनं वरपर्यंत न्याहाळलं.

"तू घरी काय नेसतोस?"

"बर्म्युडा, चाचा."

चाचांनी कपाळावर हात मारला. खुर्चीत बसले. आणि एकदम उठून उभे राहिले, डोळे लकाकलेले.

"मिरजेला सासऱ्यांना फोन लाव!"