घुम्याचा ब्लोअर

माझा धाकटा भाऊ माणूसघाणा आहे, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत होते. फोन केला की "हो", "बरं", "ठेवतो". लग्नानंतर चार वर्षांत बायको माहेरी गेली ती परत आली नाही, तेव्हाही तो इतका तुटक नव्हता. शेवटी मीही फोन कमी केले. विनवण्या करायची मला हौस नाही. छत्तीस वर्षं तो मालवाहतुकीचा ट्रक चालवत होता. राहायला डेपोमागे एक खोली, त्यात एक खाट, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कशाला, असं म्हणायचा, आणि खरंच कुणी येत नसे. डेपोत त्याला घुम्या म्हणत.

गेल्या थंडीत मला पुस्तकांचं कपाट भाचीकडे पोचवायचं होतं. डेपोत निरोप ठेवला, तो ट्रक घेऊन आला. कपाट मागे चढवलं, मी पुढे त्याच्या शेजारी बसले. त्याने हीटर लावला आणि डॅशबोर्डच्या आत असं काही किंचाळायला लागलं की माझ्या दाढा शिवशिवल्या.

"अरे, हे काय ओरडतंय?"

तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"ब्लोअर ओरडतोय तुझा."

"हो," तो म्हणाला. "गारठा आहेच."

काच आतून धुरकटली होती. त्याने जाळीपुढे तळहात धरला. "वारा कमी येतोय. परत रेझिस्टर गेला असणार. यंदा दोनदा बदलला."

रेझिस्टर म्हणजे ब्लोअरच्या पंख्याचा वेग कमीजास्त करणारा तुकडा, एवढं फिजिक्स मी शिकले आहे. पण मोटरीचं बेअरिंग गेलंय हे कळायला पदवी लागत नाही, कान लागतात. मोटर अडखळते, जास्त करंट ओढते, बिचारा रेझिस्टर जळतो. एके काळी दुसऱ्याच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा हा माणूस, त्याने वर्षात दोनदा भलताच भाग बदलला होता.

मागून एक गाडी केव्हाची हॉर्न वाजवत होती. याने आरशात पाहिलं, तेव्हा कुठे बाजू दिली.

मी तोंडापुढे रुमाल धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "तू गाढव आहेस."

काही नाही. लहानपणी एवढ्यावर माझी वेणी त्याच्या हातात आली असती.

खांद्याला धरून मी त्याला ट्रक कडेला घ्यायला लावला. "ब्लोअरची मोटर किंचाळतेय. कधीपासून ऐकू येत नाही?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"जाड आवाज येतात. इंजिन येतं. बारीक येत नाहीत. बायकांचे नाहीत, फोनवरचे तर नाहीतच."

"म्हणून हो-हो करतोस होय?"

"दोनदा चुकीच्या जागी हो म्हटलं. तू भडकलीस. तेव्हापासून लवकर ठेवतो."

"सांगायला काय जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर किल्ली गेली असती, ताई. मग काय करू? खुर्चीत बसून भिंत बघू?"

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याच्या हाती दहा टनांचं धूड ठेवून वाईट वाटून घेत बसायचं, हे मला जमणार नव्हतं. "मालकाला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो. आधी ब्लोअर बदलतो."

"आता कशाला? ट्रक तुझ्याकडे राहणार थोडाच आहे."

"पुढच्याला थंडीत काचेतून दिसायला नको?"

मदतीला मी येणार, असं मी सांगून टाकलं.

रविवारी डेपोत शुकशुकाट होता. मी बॅटरीचा उजेड धरला. त्याने डाव्या बाजूचा खण काढला, वायरीचा प्लग सोडवला, तीन स्क्रू फिरवले आणि मोटर खाली ओढली. पंख्याच्या जाळीदार चाकात वाळकी पानं आणि उंदराने कुरतडलेला कागद निघाला. नवी मोटर बसवण्याआधी त्याने तिला वायर जोडली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

"हा काय चावटपणा?"

"दातांनी ऐकू येतं," मूठ काढून तो म्हणाला. "माझ्या उस्तादाने शिकवलंय."

"मग जुनीला असं का नाही पाहिलंस?"

"संशयच आला नाही. संशय यायला आधी कानावर यावं लागतं."

मोटर बसवून त्याने बटण एकवर ठेवलं, मग दोन, तीन, चार. तळहात जाळीपुढे. मग माझ्याकडे वळला.

"ताई, वाजतोय?"

इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबला होता.

"नाही," मी त्याच्याकडे तोंड करून म्हटलं. "नुसता वारा आहे."

त्याने केबिन पुसली, आरसे पुसले, पायपुसणं झटकलं. सोमवारी स्वतः जाऊन किल्ली दिली. मालक मला वाटला होता तितका वाईट निघाला नाही; गोदामात पार्सलांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम दिलं त्याने. तिथे कुणी बोलत नाही, त्यामुळे अडत नाही, असं धाकटा म्हणतो. कानाचं यंत्र मी घ्यायला लावलं. दिवसाचे दोन तास घालतो, मग डबीत ठेवतो. भांड्यांच्या दुकानात कोंडल्यासारखं होतं म्हणे. त्याचा ट्रक रोज संध्याकाळी खोलीवरून जातो. तेव्हा तो खिडकीच्या काचेवर हात ठेवतो. मी पाहिलं आहे, त्याला सांगितलेलं नाही.

फोन आता मी करत नाही. दोन बस बदलून जाते, त्याच्या समोर बसते आणि तोंड उघडून, सावकाश बोलते. सावकाश बोलणं मला या वयात शिकावं लागतंय. दुसरी खुर्ची मीच नेऊन ठेवली. दर खेपेला तिच्यावर त्याचे कपडे पडलेले असतात. मी ते उचलून खाटेवर टाकते आणि बसते.