उरलेल्या कागदाचा रोल

मेव्हण्याच्या हॉटेलात पाहुणा बदलला की टॉयलेट पेपरही नवा लावतात. अर्धवट उरलेले रोल तळघरात काम करणाऱ्या सुमनबाईंकडे जातात. त्यांनी शिलाई मशीनची जुनी मोटर लावून एक यंत्र करून घेतलंय. ओल्या बोटाने त्या एका रोलचं टोक दुसऱ्याला चिकटवत गेल्या, पेडल दाबत गेल्या, आणि पाच खोल्यांतलं उरलंसुरलं गरगर फिरत एकच घट्ट, पांढराशुभ्र रोल झाला. मी जोड शोधत राहिलो. सापडेना.

"तुम्ही वापरता का हा?" मी विचारलं.

"छे, आम्हाला पाणीच लागतं," त्या म्हणाल्या. "पण ज्याला लागतो, त्याच्या हातात मध्येच तुटायला नको."

आणि एक वेढा सैल वाटला म्हणून त्यांनी अख्खा रोल उलगडला.