ग्राफआप्पांचं चुकलेलं कोडं

ग्राफआप्पांना कोऱ्या कागदाची चीड होती. किराण्याची यादीसुद्धा ते चौकटीच्या कागदावर लिहीत. सुरतेत लिंबायतच्या कारखान्यात साडीच्या काठाची नक्षी ते असल्याच कागदावर उतरवत. काळं घर म्हणजे धागा वर, पांढरं म्हणजे खाली. आमच्या मंडळाच्या मासिकाचं शब्दकोडंही उरलेल्या तुकड्यावर यायचं. एकच प्रत. संपादक मी होतो.

त्यांची सूत्रं भल्याभल्यांना रडवत. 'दुकानदाराच्या पोटात बसून सगळं ऐकतो, दोन अक्षरं.' मी दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी ते म्हणाले, "संपादक, शब्दाच्या पोटात बघा. माणसाच्या कशाला बघता?" उत्तर होतं कान. शिकलेला मी आणि हसणार ते, हे मला सहन होत नसे.

एका दिवाळी अंकात बक्षिसाचं कोडं होतं. आप्पांची चौकट नक्षीसारखी चारी बाजूंनी जुळायची. या वेळी एका कोपऱ्यात जुळत नव्हती. आप्पा एकदाचे सापडले, या आनंदात त्यांना न विचारता मी एक पांढरं घर काळं केलं आणि अंक छापायला दिला. पाच अक्षरांच्या शब्दाला चारच घरं उरली.

मंडळात लोकांनी आप्पांना घेरलं.

"आप्पा, धागा तुटना का?" एकाने अहिराणीत डिवचलं.

"बक्षीस द्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं."

आप्पांनी अंक डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं. "माझा कागद दाखवा यांना."

"सापडत नाही," मी म्हणालो. तो माझ्या टेबलाच्या खणात होता.

ते भांडले नाहीत, याचा मला अजून राग येतो. भांडले असते तर मी कबूल केलं असतं, असं स्वतःला सांगत आलोय. पटत मात्र नाही. ते एवढंच म्हणाले, "कापड बाजारात गेलं, की खोट कारागिराचीच." पुढे त्यांनी कोडं दिलं नाही. वर्षभर कोडी मी रचली. एकाही वाचकाचं उत्तर आलं नाही.

गेल्या महिन्यात आप्पा गोडादऱ्याला वारले. भेटायला गेलो, तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "त्या एका कोड्याचं बाबांनी फार मनाला लावून घेतलं. काका, तेव्हा संपादक तुम्हीच होतात ना? खरंच चुकलं होतं का त्यांचं?"

"जुनी गोष्ट झाली, बेटा," मी म्हणालो, आणि चपला शोधू लागलो.

हे मी मंडळाच्या मासिकातच लिहितोय. हा अंक तिच्याही घरी जातो.