आकाशाचे चाळीस फोटो

गल्लीचे फोटो अपलोड व्हायला अर्धा दिवस लागतो. किस्से मात्र जागेवरच तयार होतात, आणि ते डिलीटही होत नाहीत.

आमचा ग्रुप तिघांचाच. मुलुंडचा नीलेशदादा, भांडुपच्या टेकडीवर राहणारी प्रज्ञा आणि मी. रविवारी छातीवर फोन बांधून गल्ल्यांतून चालायचं. फोन आपोआप फोटो काढत जातो. ते बघून, कुणालाही फुकट वापरता येईल अशा नकाशात रस्ते भरायचे.

प्रज्ञाला घाई होती. तिच्या आईला दमा. तिची गल्ली कुठल्याच नकाशात नाही, म्हणून मागच्या वेळी ॲम्ब्युलन्स खाली नाक्यावरच थांबली. काकूंना खुर्चीत बसवून दीडशे पायऱ्या उतरवावं लागलं.

फोटो ठेवायला ॲप दोन. कुठलं घ्यायचं यावर दर रविवारी जुंपायची, आणि शेवटी फोटो दोन्हींत टाकले जायचे. नावं लांबलचक, म्हणून आम्ही त्यांना हिरवं आणि निळं म्हणायचो.

*

चेहरे दोन्ही ॲप पुसट करतात, पण हिरवं जरा जास्तच उत्साही. पहिल्याच रविवारी त्याने वाढदिवसाच्या बॅनरवरचे सगळे नेते पुसले, खालच्या शुभेच्छुकांसकट. शेजारचा मंडळाचा गणपती तेवढा वाचला.

"सोंड बघून गोंधळलं असेल," मी म्हटलं.

"गोंधळलं नाही गं," प्रज्ञा म्हणाली. "खरा कोण ते कळलं त्याला."

*

हिरव्याची दुसरी खोड म्हणजे फोटो जरा हलला की परत पाठवणार. निळं मुकाट्याने सगळं ठेवून घेतं. नीलेशदादा हिरव्याच्या बाजूचा.

"क्वालिटी हवी ना यार."

"माझ्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं," प्रज्ञा म्हणाली. "आणि तुला क्वालिटी पाहिजे."

*

टेकडीवर कुणी फोटो काढताना दिसलं की लोकांना एकच अर्थ माहीत: सर्व्हे आला. आता घरं तुटणार, नाहीतर मिळणार. दहा मिनिटांत दारोदारी माणसं फायली घेऊन उभी. एका आजींनी तर लाइट बिल थेट माझ्या छातीसमोर धरलं. मी दोन पावलं मागे.

"आजी, सर्व्हे नाहीये."

"मग काय काढतेस?"

"गल्ली."

"गल्लीला काय झालंय?"

दारात बसलेल्या प्रज्ञाच्या आईच म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सला दिसत नाही ती."

आजींनी बिल खाली घेतलं. "मग माझं दार पण घे. नीट घे."

(ॲप चेहरे पुसतात, बिलावरची नावं नाही. ते फोटो आम्ही स्वतः काढून टाकले.)

*

त्याच गल्लीत एक कुत्रा भुंकला. फक्त भुंकला. मी जी पळाले ती वर, वाट फुटेल तिकडे, आणि फोन आपला फोटो काढतोच आहे. नंतर बघितलं तर चाळीस फोटो, बहुतेक आकाशाचे. हिरव्याने सगळे परत पाठवले.

"आकाशाचा नकाशा वेगळा असतो गं," नीलेशदादा म्हणाला.

निळ्यात ठेवलेले मी गुपचूप डिलीट करणार, तेवढ्यात प्रज्ञाने माझा हात धरला. शेवटच्या फोटोच्या कोपऱ्यात रिक्षा उभी होती.

"टेकडीवर रिक्षा?"

पाण्याच्या टाकीसाठी मागून नवा रस्ता झाला होता. प्रज्ञाच्या दारापासून फक्त वीस पायऱ्या वर. अख्खी वस्ती कामाला खाली उतरते, वर कोण कशाला बघतंय!

पुढच्या रविवारी आम्ही तो रस्ता चालत, न पळता टिपला आणि नकाशात घातला. नीलेशदादाने तो नकाशा ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या फोनमध्ये टाकून दिला. निळ्याला तेव्हापासून तो काही बोललेला नाही.

*

गेल्या महिन्यात मी प्रज्ञाकडेच होते, तेव्हा काकूंना पुन्हा दम लागला. प्रज्ञाने ॲम्ब्युलन्सला फोन केला, शेजारच्या आजींना आईजवळ बसवलं आणि दर वेळेसारखी गाडीला वाट दाखवायला धावत सुटली. तिच्यामागे मी. दीडशे पायऱ्या उतरून आम्ही नाक्यावर उभ्या. प्रज्ञा येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात करतेय. मी वाटेतल्या बाइक बाजूला घ्यायला लावतेय.

पंधरा मिनिटं झाली. प्रज्ञाचा फोन वाजला. काकूंचा होता. आवाज ऑक्सिजनच्या मास्कमधून आल्यासारखा घुमत होता.

"कुठे उभी आहेस गं? आम्ही वरच्या रस्त्याने निघालो पण."