डोक्यावर पिवळा टिळा असलेले सहा उंदीर

आमच्या फार्माकॉलॉजी विभागाच्या प्राणिगृहाचा वास, वारा बरोबर असला तर, थेट इंदिरानगरपर्यंत जायचा आणि तिथली मंडळी भरदुपारी खिडक्या लावून आमच्या नावाने बोटं मोडायची. मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्या, तरी वास उरतोच. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी नांदगावचा, एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला, आणि माझं सगळं भवितव्य अठरा पांढऱ्या उंदरांच्या मागच्या पायांवर उभं होतं. उन्हाळ्याआधी प्रबंध जमा झाला नाही, तर सातपूरच्या कारखान्यात ठरलेली नोकरी दुसऱ्याची होणार होती.

काम म्हटलं तर साधं. उंदराच्या पायात एक इंजेक्शन द्यायचं. त्याने त्याच्या शरीराची संरक्षणयंत्रणा बिथरायची, स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडायची आणि पाय सुजायचा. मग सहा उंदरांना बाजारातलं नेहमीचं औषध, सहांना गुळवेलीचा अर्क आणि उरलेल्या सहांना नुसतं डिंकाचं पाणी. या शेवटच्या सहांची सूज तशीच राहिली, तरच गुळवेलीने काही केलं असं म्हणता येतं. ओळखायला पिवळ्या रंगाची खूण: औषधवाल्यांच्या शेपटीवर, गुळवेलवाल्यांच्या पाठीवर, पाणीवाल्यांच्या डोक्यावर. दर चौथ्या दिवशी सुजलेला पाय घोट्यापर्यंत पाऱ्यात बुडवायचा आणि पारा किती चढला ते वहीत लिहायचं.

उंदीर धरायचे मामा. प्राणिगृह सांभाळणारे, पेठकडच्या डोंगरातले, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या तळहातावर उंदीर पेंगायचा. मला मात्र उंदीर एवढे चावले, की माझ्या बोटांतून चहा गाळता आला असता. गुळवेलही मामांनीच गावाकडून पोतंभर आणली होती.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. पाणीवाल्यांची सूज उतरू लागली. गुळवेलवाल्यांच्या बरोबरीने! मी पारा बदलला, नळी धुतली, स्वतःचा चष्माही धुतला. आकडा तोच.

"सहाच्या सहा मेले म्हणून लिहून टाक," माझा वर्गमित्र म्हणाला. "उंदीर मरतातच रे. कोण येणारे साक्षीला?"

सल्ला मोहात पाडणारा होता. चहाच्या टपरीवर मी आजवर निदान चार वाघ मारलेले आहेत. पण त्या वहीला माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचा नियम होता. पेनानेच लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. ती वही उघडली की माझा हात आखडायचा.

एरवी मी अकराला उगवायचो. दुसऱ्या दिवशी आठलाच पोचलो. डोक्यावर टिळा असलेल्यांच्या पिंजऱ्यात काळपट लाल चुरा पडला होता आणि सहाही जण मन लावून जेवत होते.

"मामा, हे काय?"

"नागलीची भाकर हाय, तुमची नाचणी. गूळ घातलाय. गुळवेल लय कडू लागती ना."

"गुळवेल? यांना?"

"मंग? बाकीच्यांना तुम्ही औषध देता, ह्यांना नुसतं पाणी. मी बघतो ना रोज. पाय टेकवत नाय बिचारे. तुम्ही इसरत असाल म्हटलं."

मी वही उचलली.

मॅडमच्या केबिनमध्ये शिरताना माझ्याजवळ तीन गोष्टी तयार होत्या. एकीत तर रात्रीत पिंजऱ्यांची दारं उघडी राहिली होती. "गोष्टी नकोत," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वही द्या." मी सगळं सांगितलं, मामांचं नावही घेतलं. त्यांनी मामांना बोलावलं. मला वाटलं, आता म्हातारा घरी जाणार.

"मामा, यांचं दुखणं आम्हीच दिलंय, हे कबूल," त्या म्हणाल्या. "पण एका टोळीला काहीच मिळालं नाही, तर दुसरीला कशाने बरं वाटलं ते कळतं. तुमच्या गुळवेलीचंच नाव होणारे."

मामा म्हणाले, "मंग भाकर तरी देऊ द्या. बिनगुळवेलीची. सगळ्यांना."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. मग तीन आठवड्यांच्या आकड्यांवर एक रेघ. मी सही केली. "तुम्हीही करा," त्या मामांना म्हणाल्या, आणि मामांनी जिभेचं टोक बाहेर काढून, पाच मिनिटं लावून, पूर्ण नाव लिहिलं.

नवे अठरा उंदीर, नवी सूज. सातपूरची नोकरी गेली. मामा आता टिळेवाले धरताना तोंड भिंतीकडे करायचे, मात्र हात हलू द्यायचे नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक प्रबंधाच्या एका पानावर अडले. "आहारात नागलीची भाकरी? ही कुठली पद्धत?"

"सर, अठराही जणांना सारखीच होती," मी म्हणालो. मॅडम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघत होत्या. परीक्षकांनी पान उलटलं.

मामा जिन्यात उभे होते. "झालं का?"

"झालं मामा. पास."

"गुळवेल?"

जिभेवर आलं होतं, की सूज अशी पळाली, अशी पळाली... "थोडी उतरली मामा. औषधाइतकी नाही."

"आणि टिळेवाल्यांनी सूज शेवटपर्यंत धरली," मामा म्हणाले. "त्यांनीच तारून नेलं तुम्हाला." आणि पाण्याच्या बाटल्या भरायला निघून गेले.